सिदूचा घास

घाटनांदूर, ३ ऑक्टोबर १९१८
पोचलो बाबा एकदाचा! बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, पण घर झकास आहे. माळवदाच्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत प्रार्थनेची वेदी. गावात ख्रिस्ती औषधालाही नाही. शेजारच्या भिवराबाईंनी गरम भाकरी नि ठेचा आणला आणि लगीन कावून केलं न्हाई म्हणून दारातच उलटतपासणी घेतली. पाद्र्याला बायको चालत नाही म्हटल्यावर त्यांना माझी लई कीव आली. त्यांचा एकुलता एक, तरणाताठा सिदू, पोट धरून हसला. आमच्या वसईतही इतक्या लवकर कुणी घरचा करून घेत नाही.

११ ऑक्टोबर
मानमोडीचा ताप गावात शिरला. सिदू पडला. निघताना वरिष्ठांनी बजावलं होतं, रिकाम्या हाताने परतू नका, बाप्तिस्मे झाले पाहिजेत. आज कपाळावर ओली पट्टी ठेवायच्या निमित्ताने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला. नाव ठेवलं योसेफ. तो शुद्धीत नव्हता, विचारायचं कुणाला? आईला वाटलं, पाद्रीबाबा किती माया करतात! दिवस मावळायच्या आत गेला. स्वर्गात गेला, माझ्यामुळे. मला बरं वाटलं.

२० ऑक्टोबर
सिदूचा दहावा. ओढ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. बाभळीवर कावळ्यांची शाळा भरलेली! चुलते भगवानराव हात जोडून म्हणाले, तुझ्या आईला मी सांभाळतो. तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. भिवराबाईंनी मला विचारलं, बाबा, माझं लेकरू कशात अडकलं? देवाची मर्जी, म्हटलं. कसला कावळा नि कसलं काय, निव्वळ अडाणीपणा! पण घरी येऊन योसेफसाठी मेणबत्ती लावली.

२३ ऑक्टोबर
सकाळच्या मिस्सेला, वेदीपुढच्या उपासनेला, मी एकटाच असतो. आज मागे वळलो तर कुणी गुडघे टेकलेले. सिदू. भर सकाळी. तोंड उघडं. ओस्तीची गव्हाची पातळ चकती जिभेवर दिली, हे प्रभूचं शरीर म्हणून सांगितलं. गिळली. पुन्हा तोंड उघडलं.

२५ ऑक्टोबर
रोज येतो. भूक, भूक. म्हणतो, पूर्वज पंगतीला बसू देत न्हाईत, तू आमचा न्हाईस म्हणत्यात. स्वर्गाचं विचारलं. म्हणतो, तिथं कुण्या योसेफला हाका मारत्यात, मला कुणीच बोलवत न्हाई. देवा, मी काय करून बसलो!

२६ ऑक्टोबर
भिवराबाईंचे पाय धरले. सगळं सांगितलं. लेकराला सोडवा म्हटलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, तुमी त्याला तुमचा केला ना? मग तुमीच जेवू घाला. धर्मापुरीला माहेरी निघून गेल्या.

२७
ओस्त्या संपल्या. भाकरी ठेवली — बघतही नाही. प्रार्थना केली — तो हलत नाही —

२८
तोंड उघडंच. म्हणतो, ते शरीर हाय असं तुमीच सांगितलंत. मग तुमचं शरीर हाय की अजून — नाही कोणत्या तोंडाने म्हणू — माझाच केला मी त्याला — डावा हात पुढे केलाय — गार दात — सिदू, जरा हळू —