हात्सुएचं गाणं

७ ऑक्टोबर, सोमवार

आज शेण खाल्लं. हात्सुएचं गाणं म्हटलं!

तिच्या घशाच्या ऑपरेशनला आठवडा झालाय. ती दवाखान्यात, आणि मी दुपारी नेहमीसारखी इसोनोबाईंच्या कॅराओके कॅफेत. तिथे आम्हा म्हाताऱ्यांत ज्याचं त्याचं गाणं ठरलेलं आहे. कुणी लिहून दिलेलं नाही, पण माणूस येता-जाता असेपर्यंत त्याच्या गाण्याला दुसरा हात लावत नाही. हात्सुएचं बंदरावरचं. बोट सुटते, ती बाई धक्क्यावर उभी, आणि मनातलं सांगायचं राहूनच जातं. १९७३ सालचं रडकं गाणं. तीस वर्षं तीच म्हणते. ते आपण म्हणायचं म्हणजे दुसऱ्याच्या चपला पायात घालून चालू पडायचं.

आमच्यातलेच कुरामोचीसान म्हणाले, "हात्सुएसान नाहीत, तर बंदर सुनंसुनं वाटतंय." बस्स, एवढंच म्हणाले. आणि माझं बोट गेलं बटणावर!

यंत्राने ९१ मार्क दिले. हात्सुएला ८८ च्या वर कधी मिळाले नाहीत. कुरामोचीसाननी चष्मा काढून डोळे पुसले. ते मी पाहिलं, आणि मला आनंद झाला. बाहत्तराव्या वर्षी हे असलं! चार वर्षं मनात धरून आहे, त्या माणसाला पत्ताही नाही. लिहितानाही कान तापलेत.

८ ऑक्टोबर

पुन्हा म्हणायचं नाही. संपलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

म्हटलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दवाखान्यात जाऊन आले. हात्सुएला अजून बोलायची मनाई. वहीवर लिहून दाखवते. ख्यालीखुशाली राहिली बाजूला, पहिलाच प्रश्न – "माझं गाणं कुणी म्हटलं नाही ना?"

मी म्हटलं, "छे गं! कुणाची हिंमत आहे?"

माझी जीभ झडली कशी नाही! ती आवाज न करता हसली आणि लिहिलं – "डॉक्टर म्हणतात, थोडा आवाज परत येईल. बाकी गेला तरी चालेल. तेवढं एक गाणं म्हणता आलं पाहिजे." मग माझा हात दाबला.

मी तिचे धुवायचे कपडे घेतले, टॉवेलांच्या घड्या केल्या, शेजारच्या बाईला सांगितलं, आमची चाळीस वर्षांची मैत्री. काय साळसूद मी!

२८ ऑक्टोबर

आजचं धरून सात वेळा झालं. मी मोजते आहे, म्हणजे मला कळतंय. कळतंय तरी म्हणतेच आहे.

इसोनोबाईंनी मुळ्याच्या लोणच्याची बशी समोर ठेवली आणि विचारलं, "हात्सुएसान कधी येणार हो?" साधंच विचारलं असेल. पण चोराच्या मनात चांदणं! लोणच्याची बशी मी बाजूला सारली. निघताना कुरामोचीसान म्हणाले, "तुमच्या गळ्यात ते गाणं वेगळंच लागतं." कॅफेपासून घरापर्यंत चालत आले. बस दोनदा शेजारून गेली, मला दिसलीच नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात्सुए आज न सांगता आली. गळ्याला जांभळा स्कार्फ. आवाज घोगरा, पण आवाज! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ती म्हणाली, "एकच म्हणते, मग गप्प बसते." आणि गाणं लावायची पाटी हातात घेतली.

अक्षरं जुळवून गाणं शोधायचा तिला पहिल्यापासून कंटाळा. ती सरळ 'आधी म्हटलेली गाणी' उघडते. चाळीस वर्षं तिला ओळखते मी. माझ्या कसं ध्यानात आलं नाही? यादीत सगळ्यात वर तिचंच गाणं! खाली दोन सोडून पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"सहा आठवडे मी इथे नव्हते," ती म्हणाली. "हे वर कसं आलं?"

इसोनोबाई भरलेल्याच कपांत चहा ओतायला लागल्या. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं! शेवटी कुरामोचीसान, भाबडा माणूस, कौतुकाने म्हणाले, "अहो, किनुएसान म्हणतात ना! तुम्ही ऐकाच एकदा, ९१ मार्क पडतात!"

हात्सुएने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "तू म्हणाली होतीस, कुणाची हिंमत आहे," एवढंच म्हणाली. पाटी टेबलावर ठेवली, कोट घातला, गेली. गाणं न म्हणताच.

१२ नोव्हेंबर

घराबाहेर पडले नाही. कुठल्या तोंडाने पडू?

१४ नोव्हेंबर

माफीचा रिवाज असतो तसा गोडाचा डबा घेऊन गेले. गडद कपडे, हिऱ्यामोत्याचं काही नाही. घंटी वाजवली. आतून "कोण?" मी म्हटलं, "किनुए." दार उघडलं नाही. बंद दारापुढे कंबरेत वाकून उभी राहिले. पलीकडची बाई झाडायची थांबून बघत होती. बघू दे. डबा कडीला अडकवून परत आले.

१६ नोव्हेंबर

डबा माझ्या कडीला परत. कागदसुद्धा सोडलेला नाही. आमच्याकडे माफीचा डबा परत येणं म्हणजे माफी नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चाळीस वर्षं गेली – आणि कशापायी? एका म्हाताऱ्याने चष्मा पुसला म्हणून!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी हात्सुए दारात. "आत घेतेस का?" मी चटईवर डोकं टेकायला लागले, तर म्हणाली, "ऊठ गं, गुडघे धरतील." चहा केला.

"कुरामोचीसाठी म्हणायचीस ना ते?"

मी मान डोलावली.

"त्याला कळलं?"

"नाही."

"नाहीच कळत. म्हणणाऱ्याने गळा फोडला तरी ऐकणारा टाळ्या वाजवतो आणि लोणचं खातो. तीस वर्षं बघतेय."

मी मूर्खासारखं विचारलं, "तुझा कोण गं तो?"

"तो नव्हताच कधी," हात्सुए म्हणाली. "समोर तू बसायचीस."

थोड्या वेळाने ती उठली. दारापर्यंत सोडायलाही मी गेले नाही.