चंद्राबाईंचे दोन हार

मी, नाथाजी रघोजी साळुंखे, वय त्रेपन्न, राहणार मसूर, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर पूर्ण शुद्धीत स्वहस्ते लिहीत आहे. छाती निकामी झाली आहे. डोके शाबूत आहे.

१. मळा व बैलजोडी पुतण्या मानसिंग याने घ्यावी. माझ्या नावाचा चौथरा मात्र बांधू नये. त्यावर ‘समाजासाठी संसार त्यागला’ असे कोरण्याचा त्याचा बेत मला कळला आहे. ते खोटे आहे. मी त्याग केला नाही. मी भ्यालो.

२. पुस्तके गावच्या शाळेला द्यावीत. भाषणांची टिपणे चुलीत घालावीत.

३. राहते घर चंद्राबाईंना द्यावे. कारण लिहून ठेवतो.

विधवांची लग्ने व्हावीत म्हणून मी वीस वर्षे गावोगाव बोललो. सभेतच लग्न लावत असू. भटजी नाही, वाजंत्री नाही, फक्त हार. ते हार चंद्राबाई ओवून आणत. त्या स्वतः विधवा. अकरा वर्षांपूर्वी शिरवड्याच्या सभेत जोडपे एकच होते आणि त्यांनी हार चार आणले.

“दोन जास्त झाले,” मी म्हणालो.

“आवं, एवढं बोलता, आन् एवढं कळंना व्हय?”

मला कळले. शेजारी बसलेल्या हरिबालाही कळले. तो कानाशी लागला, “गड्या, सोताचंच लगीन लावलंस तर लोक म्हणतील, ह्याच्यापायीच घसा फोडत हुता.”

मी उठलो आणि भर सभेत आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतली. तेवढ्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. चंद्राबाईंनी उरलेले हार आमच्या गाडीच्या बैलांना घातले.

“ह्यास्नी कोण काय बोलणार न्हाई,” म्हणाल्या.

हरिबा, तुझ्यावर राग नाही. तू बोललास, ऐकले मी.

चंद्राबाई आता सांगलीत गणपतीच्या देवळाजवळ फुले विकतात. गेल्या महिन्यात तिथे गेलो. मान वर न करता त्यांनी विचारले, “हार कुणासाठी पायजे?” हजारोंपुढे बोललेला मी हार न घेताच परतलो.

४. माझ्या देहावर कोणीही हार घालू नये. चंद्राबाई आल्या, तर गर्दीने वाट द्यावी. त्या रिकाम्या हाताने आल्या, तरी त्यांना कोणी काही विचारू नये.

मुक्काम मसूर, १७ नोव्हेंबर १९४६
(सही) नाथाजी रघोजी साळुंखे

साक्षीदार:
लालासाहेब जाधव (सही)
हरिबा माने (डाव्या हाताचा अंगठा). “त्या कलमातनं माझं नाव काढ,” म्हणाला. काढले नाही. तरी अंगठा दिला.