आत येऊ द्यायचं का?

अमरावती, ३ फेब्रुवारी २००७

ती. बेबीताईस,

सविनय जयभीम. तुमच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी चौकोन येतात आणि आपल्या रश्मीच्याच लग्नाच्या पत्रिका अडल्या, हे वाचून करमेना. लगेच तेल्हाऱ्याला निघालो असतो, पण मी तुमची पायरी चढायची नाही ही भाऊजींची ताकीद. चांदूर रेल्वे गावच्या लग्नात त्यांनी पत्रिकेवर ‘परिणय’ऐवजी छापलेल्या ‘मंगल परिणामा’ला मी चारचौघांत हसलो, ते त्यांनी अजून मनात ठेवलंय.

म्हणून मी तारेवरून येतो. सोबतची सीडी टाक आणि फोनची लाइन जोड. इथे बसून तुमचा कॉम्प्युटर मला चालवता येईल. सगळं कुलूपबंद जातं, मध्ये कोणाला वाचता येत नाही. पासवर्ड फोनवर सांगेन. भाऊजींना सध्या कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, भाऊजींच्या रागावर ताबा ठेव.
तुझा धर्मपाल

तेल्हारा, ११ फेब्रुवारी

चि. धर्मपालले आशीर्वाद.

यांनी पाहिलंच. पडद्यावरचा बाण एकटाच फिरून राहिला, तर हे आधी टेबलाखाली वाकले. मग मले सांगावंच लागलं. दार लावलं तर हा तारीतून शिरला म्हणाले, अन् वायर उपटली. तुहं काम अर्धंच राहिलं. आता रश्मीतला र उमटत नाही. पोरगी नुसती ‘श्मी’ झाली. नवरदेवाकडून रोज फोन येतात. कापसाच्या पडल्या भावानं यंदा लग्नंच कमी, त्यात छापखानेवाल्याच्या पोरीची पत्रिका नाही, म्हणून गाव हसते.

रश्मी रडली, तेव्हा हे म्हणाले, विचारून येत असंन तर पाहू. तसं काही असते काय?

तब्येतीले जपजो.
तुही बेबीताई

अमरावती, १६ फेब्रुवारी

ती. ताईस जयभीम.

असतं. नवीन सीडी पाठवतोय. आता मी आलो की पडद्यावर प्रश्न उमटेल: ‘धर्मपाल आत येऊ इच्छितात. येऊ द्यायचं का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. भाऊजींनी ‘हो’ दाबल्याशिवाय मला काहीही दिसणार नाही. रोज सकाळी विचारत जाईन.

भाऊजींना माझा नमस्कार, घेतला तर.
धर्मपाल

तेल्हारा, २६ फेब्रुवारी

चि. धर्मपाल,

काय करून ठेवलं बाबा तू! हे रोज आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कॉम्प्युटरपुढं बसतात. तुहा प्रश्न आला की चष्मा पुसतात, पुरा वाचतात, अन् ‘नाही’ दाबतात. मग पोटभर जेवतात. काल शेजारच्या पार्वताबाईलेही बोलावून दाखवलं. रश्मी यांच्याशी बोलत नाही. तुले कटाळा आला असंन, पण विचारणं सोडू नको. नाव तुहंच घेतात दिवसभर.

जीव लावून असजो.
बेबीताई

तेल्हारा, ६ मार्च

चि. धर्मपाल,

जयभीम. गेल्या गुरुवारपासून तू विचारलं नाही. लाइन पाहिली, चालू आहे. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. मले तसं काही काम नव्हतं, सवय लागली इतकंच.

बेबी म्हणते तू तापानं पडला. डॉक्टरले दाखव, अंगावर काढू नको. पत्रिका निघो न निघो, रश्मीच्या मामानं लग्नाले यायचं. तारीतून नाही, दारातून. बरं वाटलं की आधी विचारजो. आज मी ‘हो’ दाबाले बसलो होतो, पण तू विचारल्याबिगर ते बटन येतच नाही.

वाट पाहून राहिलो,
तुहा भाऊजी भगवंतराव