उलट्या बटनांची बंडी

सेलू, वैशाखाचं ऊन
(तारीख मेघाले विचारून टाकीन, ती ड्युटीवर गेली आहे)

प्रिय मनकर्णा,

तुले तुझ्या मोठ्या बहिणीचा जय भीम, अन् जावईबापूले वेगळा. तुझा गुडघा कसा आहे? पायऱ्या उतरताना वाजते म्हणत होती. वाजू दे. माझे दोन्ही वाजतात, मी घरात आली की मांजरीले आधीच समजते. जावईबापूले सांगजो की चहातली साखर सोडून जिलेबी खाल्ल्यानं रक्तातली साखर उतरत नाई. नागपूरचं ऊन कसं आहे हे विचारत नाई, ते मले माहीत आहे. इकडं सगळे बरे आहेत. (आपला भाऊ गुलाब बरा नाई, पण तो लहानपणापासूनच बरा नाई.)

तू म्हणशील, फोन असून बुढीनं कागद काऊन काळा केला. फोनवर सोय नाई बाई. गुलाबाच्या घरी फोन आला की त्याची बायको मंजुषा तो स्पीकरवर टाकते अन् भाजी चिरत बसते. अन् आपल्या बाबाले कामाचं सोडून सगळं ऐकू येते. माझ्या घरी रेंज येत नाई, रेंजसाठी शेजारच्या पंचफुलाच्या ओट्यावर जा लागते, अन् पंचफुलाच्या ओट्यावर बोललेलं दुपारपर्यंत बसस्टँडवर पोचते. म्हणून मी तिसरी शिकलेली बाई पेन घेऊन बसली. चुका निघतील. काढत बसू नको, चुका काढणारा एक माणूस आपल्या घरात आहे अन् त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

माघात बाबा न्हाणीत घसरले हे तुले कळवलं होतं. हाड शाबूत राह्यलं, पण भीती बसली ते बसली. तेव्हापासून बाजेवर. जेवण बाजेवर, चहा बाजेवर, भांडण बाजेवरून. डॉक्टरनं गुलाबाले बाजूले घेऊन सांगितलं की पाय असे निजवून ठेवले तं पावसाळ्यापर्यंत पायातलं बळ जाईल, मंग नव्वद वर्षांचा माणूस परत उठत नाई. हे ऐकून घरात सगळ्यांनी तोंडं उतरवली अन् कोणी काई केलं नाई. दवाखान्यातून चार पायांची काठी आणली, त्यावर बाबा टॉवेल वाळू घालतात. मी रोज सकाळी दोन गल्ल्या ओलांडून जायची अन् म्हणायची, बाबा, चला जरा चौकापर्यंत. तं म्हणे, “कोणासाठी जाऊ? माझ्या ओळखीचे मेले, अन् जे उरले ते मले तेव्हाही आवडत नव्हते.” खोटंही नाई ते.

त्यात आला वाढदिवस. वाढदिवस म्हणजे आधारकार्डावरचा. आजी सांगे की बाबा झाले तेव्हा ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर आली होती, अन् मे महिन्यात ज्वारी निसवलेली मी तं पाह्यली नाई. पण कार्डावर मे आहे म्हणून मे. माझी नात मेघा, ती नर्स झाल्यापासून सगळ्यांले गोळ्या अन् हुकूम देते, तिनं हुकूम काढला की पणजोबाले नव्वद पूर्ण होऊन राह्यले, कोणी दुकानातून काई आणायचं नाई, प्रत्येकानं आपल्या हातानं बनवलेलं द्यायचं, त्यात भावना असते. मी म्हटलं, बाई, माझ्या हातात भावना नाई, घट्टे आहेत. नाई, आजी, तुले बी करा लागते.

पंचफुला म्हणे, सरगुंडे कर, बुढ्याले आवडतात. केले बाई. कणकीचे दोर काडीवर गुंडाळत दोन दुपारी घातल्या, रस केला, अन् वाढदिवसाच्या आठ दिवस आधी चव पाहायले म्हणून वाटीभर घेऊन गेली. बाबानं दात न लावता खाल्ले, बोट चाटलं अन् म्हणे, “छान. आता ती उशी जरा उंच कर, अन् असंच रोज आणून देत जा.” तिथंच मी ठरवलं की सरगुंडे बंद. अन् मंग मी जरा इकडं तिकडं पाह्यलं. मंजुषा उशीच्या खोळीवर मोर काढून राह्यली होती. गुलाब बाजेवर बसल्या बसल्या जेवता यावं म्हणून लाकडी पाट ठोकून राह्यला होता. मेघानं रंगीत दोरीची घंटी केली, ओढली की मंजुषानं हजर व्हायचं. (मंजुषाले हे अजून सांगितलं नव्हतं.) सगळे मनापासून करत होते, मी नाव ठेवत नाई, पण सगळे मिळून बुढ्याले बाजेवर पक्कं करायच्या कामाले लागले होते.

म्हणून मी बंडी शिवायचं ठरवलं. नवी पांढरी बंडी घालून माणूस निजत नाई, चौकात जाते. तुले आठवते ना, चौदा ऑक्टोबरच्या आधी आपल्या घरात कसं व्हायचं. अख्ख्या मोहल्ल्याचे पांढरे सदरे बाबाकडं, नागपूरले जायच्या सकाळपर्यंत मशीन चालू, अन् शेवटी स्वतःचा सदरा घालून बाबा असे निघत की जसं काई बाकीच्यांचं माप चुकलं आहे. महादेवराव टेलर म्हटलं की सेलूत माणूस सरळ उभा राहे. पन्नास वर्षं त्यांनी लोकांचे खांदे पाह्यले. अन् अशा माणसाले बंडी कोण शिवून राह्यलं? मी. तुले बाबानं मशीनवर बसवलं, तू शिकली. मले बसवलं तं मी शेतात निंदायले पळाली. मले आजपर्यंत सुईत दोरा सुद्धा पहिल्या खेपेत घालता आला नाई.

सेलूच्या बाजारातून मांजरपाट आणलं. बाबाची जुनी बंडी मंजुषाकडून धुवायच्या निमित्तानं आणली, कापडावर पसरवली, कोळशानं रेघ मारली अन् रेघेवरून कापली. शिवायले मंग कापड कुठून येणार, हा विचार कापल्यावर आला. म्हणून ती पंचफुलाच्या नातवाले झाली. दुसऱ्यांदा कापड आणलं. या खेपेले सोडून सोडून कापलं. सात दिवस हातानं शिवली, बोटाले इतकी टोचली की भाकर थापताना झोंबे. बटनं कोणत्या बाजूले अन् काजं कोणत्या बाजूले हे समजेना, कारण जुनी बंडी मी तोपर्यंत परत करून आली होती. मंग माझं पोलकं काढून पाह्यलं, त्यावरून केलं. पंचफुला म्हणे, चांगली झाली. तिले मोतीबिंदू आहे.

शिवता शिवता मले एक जुनी गोष्ट आठवे. तुले ती माहीत नसेल, तू तेव्हा शाळेत होती. माझ्या लग्नाले बाबानं चार पोलके शिवले होते. दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा माहेरी आली तं ते खांद्यावरून उतरत होते. सासरी काय चाललं आहे हे मी सांगितलं नाई, बाबानं विचारलं नाई. टेप घेतला, माप घेतलं, लग्नाच्या मापाशेजारी नवं माप लिहिलं, अन् दुसऱ्या दिवशी तो कागद खिशात घालून एस.टी.नं पुलगावच्या पलीकडं माझ्या सासरी गेले. सासऱ्यापुढं कागद ठेवला अन् म्हणे, “मी टेलर आहो. पोलके बारीक करायले मले अर्धा घंटा लागते. मी ते करणार नाई. पोरगी जुन्या मापावर आणा.” चहा न घेता परत. (हे मले माझ्या सासूनंच सांगितलं, ती मरायच्या आदल्या वर्षी.) त्या दिवसापासून माझ्या ताटात दुसरी भाकर पडायले लागली, अन् तुरी निघाल्या तोपर्यंत पोलके बरोबर बसले. पुढच्या वर्षी तं बाबाले उसवून मोठे करा लागले. आतून तीन बोटं कापड त्यांनी ठेवलंच होतं. यासाठी मी बाबाले आजपर्यंत एक शब्द म्हटला नाई. आपल्या घरी आभार मानायची पद्धत नाई, जेवायले वाढायची आहे. पण सुई टोचली की मनात येई, टोचू दे, या माणसाचं माझ्याकडं एवढं तं निघतेच.

वाढदिवसाले सगळे बाजेभोवती. मोराची खोळ पाहून बाबा म्हणे, छान. पाट पाहून म्हणे, छान. घंटी ओढून पाह्यली, मंजुषा आली, म्हणे, हे फारच छान. मंग माझी बंडी. बाबानं उलटी केली, सुलटी केली, चष्मा मागितला. बटनांच्या पट्टीवर बोट ठेवलं.

“हे डावं-उजवं कोणी ठरवलं?”

मी म्हटलं, “मी. माझ्या पोलक्यावरून.”

“बापाले पोलकं शिवलं का, धुरपते?”

मंग खिशात हात घालायले गेले तं हात जाईना. खिसा मी चारही बाजूंनी शिवलता. मजबूत व्हावा म्हणून.

“अन् यात मी काय ठेवू?”

“जे ठेवसान ते हरवणार नाई,” मी म्हटलं.

“कैची आणा.” मंजुषा म्हणे, बाबा, उद्या पाहू, आज केक खा. “केक राहू दे तिकडं. नव्वद वर्षांचा झालो तं माझ्या घरातून असं कापड बाहेर जाईल का? कैची!” कैची मशीनच्या खणात, हे कोणालेच माहीत नव्हतं, कारण त्या मशीनले पाच वर्षांत कोणी हात लावला नव्हता. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राह्यले, अन् बाबानं पाय खाली सोडले. बंडी बगलेत, एक हात भिंतीले, अन् निघाले. अकरा पावलं. गुलाब धरायले धावला तं त्याले म्हणे, “सरक, उजेड अडवू नको.” समोरच्या खोलीत मशीनवर मिक्सर, लोणच्याची बरणी अन् गुलाबाचं हेल्मेट. “माझ्या मशीनवर हे हॉटेल कोणी उघडलं?” मंजुषाच्या डोळ्यांतून पाणी आलं. (तिले टीव्ही पाहतानाही येते.) माझ्या काई आलं नाई, मी बरणी उतरवत होती.

बाबानं त्याच वेळी बसून माझी सात दिवसांची शिलाई पाऊण घंट्यात उसवली. प्रत्येक टाक्याले एक शिवी. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मशीनवर. मेघा म्हणे, आजी, पायमशीन मारणं म्हणजे दवाखान्यात पायाचा जो व्यायाम देतात तोच झाला. बाराव्या दिवशी माझ्या दारात चार पायांची काठी वाजली. टॉवेल तिच्यावर तसाच. दोन गल्ल्या चालून बाबा मले इतकंच विचारायले आले होते की कापायच्या आधी कापड धुवून काऊन नाई घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी येतात अन् मले सत्तराव्या वर्षी काज करायले शिकवतात. कालचं काज पाहून म्हणे, “याच्यातून बकरी जाईल.” मले फार बरं वाटलं.

मेघा सगळ्यांले सांगत फिरते की आजीनं मुद्दाम चुका केल्या, आजी फार हुशार. मी नाई म्हटलं नाई. तुले म्हणून सांगते, एकही चूक मुद्दाम नव्हती. मी जीव लावून शिवली होती. देताना मले वाटलं होतं, बाबा म्हणतील, छान. पण छान म्हटलेल्या सगळ्या वस्तू बाजेवर पडून आहेत, अन् माझ्या बंडीनं बाप उठवला, म्हणून तक्रार नाई.

तं असं आहे. इकडची काळजी करू नको. उत्तराची घाई नाई.

तुझी मोठी बहीण
धुरपता

ता. क. चिठ्ठी टाकायची राहून गेली होती. घाई नाई लिहिलं ते खोडलं समजजो. बंडी सोमवारी पूर्ण झाली. आता ती अशी बसते की पाहत राहावं. बाबानं घातली, आरशात पाह्यलं, अन् बाजेवर जाऊन पडले. आज चौथा दिवस. मशीनवर परत बरणी आली आहे, मेघा सांगते. मी नवीन काई शिवलं असतं, पण मले आता काज जमायले लागलं, पहिल्यासारखं वाईट होत नाई. म्हणून तू शिवून पाठवजो. सदरा पाठव, कॉलर वाकडी कर. तुझा हात चांगला आहे हीच अडचण आहे. जमत नसलं तं जावईबापूले बसव, त्यांचा वेळ जाईल अन् जिलेबीही आठवणार नाई. पार्सल माझ्या पत्त्यावर, गुलाबाच्या नाई.

आणखी एक. पाकीट चिकटवून राह्यली होती तं बाबा दारात उभे. बंडी अंगात, काठी घरीच. म्हणे, चार दिवस झाले, तू आली काऊन नाई? मी म्हटलं, चिठ्ठी लिहून राह्यली, मनकर्णेचा गुडघा विचारला. बाबानं पाकिटाची जाडी पाह्यली, शेवटचा कागद ओढून वाचला अन् खाटेवर टेकले. म्हणे, “तिले लिही, सदरा नको, लेंगा पाठव. कॉलर तिनं कितीबी वाकडी केली तं मले तिचा हात कळते. लेंग्यात कदाचित फसवता येईल मले.”