गोळीने आणलेला गहिवर

प्रिय वैद्यराज मेहुण्यास,

तुझ्या भावोजींचे ओलेचिंब आशीर्वाद. (ओलेचिंब का, ते खाली येईल.) तुझी प्रकृती ठणठणीत असणारच, औषधं तू इतरांना देतोस. तुझी ताई मजेत आहे, कारण सध्या हसायला मी घरातच आहे.

तोंड कोरडं पडतं म्हणून तू गोळ्या दिल्यास आणि फोनवर त्यांची कथाही ऐकवलीस. मज्जातंतू लाळेच्या ग्रंथीकडे एक रासायनिक दूत धाडतो, तो दार ठोठावतो, ग्रंथी पाझरते. आणि निरोप पोचताच त्या दूताचा जागच्या जागी निकाल लावला जातो. तुझी गोळी म्हणजे या दूताचा तोतया. दार तसंच ठोठावते, पण निकाल लावणाऱ्याला ती ओळखूच येत नाही, म्हणून तासन्‌तास ठोठावत बसते (थेट तुमच्या आत्याबाई). मात्र हा तोतया लाळेच्या दारावर थांबत नाही, घाम, अश्रू, अख्खी आळी उठवतो, हे तू गिळलंस. (माझे रुमाल साक्षीला आहेत.) शास्त्रकार म्हणतात, स्वेद आणि अश्रू हे सात्त्विक भाव, मन भरून आल्याशिवाय ते येत नाहीत. शास्त्रकारांना तुझा दवाखाना ठाऊक नव्हता.

आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही शिक्षक पाठीमागे 'तोफ' म्हणतो, परवा निवृत्त व्हायचे होते. त्यांची खुर्ची मला मिळायची होती. निरोपाचं भाषणही माझ्याच गळ्यात (संस्कृतच्या मास्तराला खोटं भारदस्तपणे बोलता येतं, असा समज). भाषणात तोंड सुकू नये म्हणून निघताना घाईघाईत गोळी घेतली. उभा राहिलो, "सर" एवढंच म्हणालो, आणि डोळ्यांना धार लागली. कपाळ निथळलं. लाळ गिळावी, तर लोकांना वाटे आवंढा गिळतोय. चित्रकलेच्या बाई हुंदके देऊ लागल्या. संस्थेचे अध्यक्ष नाक पुसत उठले आणि म्हणाले, "एवढं प्रेम असताना यांना जाऊ कसं द्यायचं?" तोफेला तिथल्या तिथे दोन वर्षांची मुदतवाढ!

आता शिक्षकांच्या खोलीत मला कोणी चहासुद्धा विचारत नाही. गणिताचे मास्तर म्हणाले, "पंडित, रडायचंच होतं तर घरी रडायचं की हो!"

लोभ आहेच, तो औषधाविना टिको.

तुझा,
भावोजी

ता. क. : पत्राचं खरं कारण. तुझ्या दवाखान्याच्या कागदावर लिहून दे की ते अश्रू निव्वळ रासायनिक होते. शिक्का ठळक मार.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच तुझ्या ताईने माझा कोट धुवायला काढला. त्या दिवशीची गोळी पुडीसकट खिशात! म्हणजे मी नुसतं पाणीच प्यायलो होतो. ताई म्हणाली, "इतकी वर्षं रोज भांडलात तुमच्या तोफेशी. आता आणखी दोन वर्षं भांडा." तेव्हा दाखला लवकर पाठव. आता तो फारच निकडीचा झाला आहे.