समुद्र थंड आहे, भारी धान टाका

बाबा, परवा ऑफिसात मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली. समुद्राचं पाणी कुठे किती तापलं याच्या जुन्या नोंदी चाळत होते, आणि आपलं ते साल समोर आलं.

सातवीत होते मी. पॅसिफिक महासागराचं पाणी तापलं की आपल्याकडे पाऊस रुसतो, हे शाळेत शिकून आले आणि तुम्हाला ऐकवलं. तुम्ही धानाच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसून खो खो हसलात. "समुद्र कुठी अन् आपला बपेरा कुठी! तिकडचं पाणी तापलं तर आपल्या बांधीले काहून घाम फुटन?" दुसऱ्या दिवशी मात्र घरापुढच्या सपरीत बियाण्याची दोन पोती मांडून तुम्ही मला हाक मारलीत. भारी धान पिकतं भरपूर, पण त्याला दसऱ्यापर्यंत पाऊस लागतो. हलकं थोड्या पाण्यात लवकर निघतं, पण उतारा कमी. कालची चेष्टा कुठल्या कुठे गेलेली. "सांग मंग पोरी, औंदा तुया समुद्र तापला का थंड हाय?" पुस्तकात यंदाचं काय असणार? मी ठोकून दिलं, "थंड आहे. भारी टाका."

आणि तुम्ही सगळ्या बांध्यांत भारीच टाकलं! पोळ्याच्या सुमाराला पंधरा दिवस आभाळ कोरडं राहिलं, तेव्हा मी शाळेतून आल्या आल्या बांधीतल्या भेगा बघायला धावायची. घरचा वर्षभराचा भात मी एका थापेवर लावला होता. मग पाऊस आला, पुरून उरला, आणि तुम्ही सिहोऱ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटलात, "माया पोरीले समुद्र समजते." मला लाजही वाटत होती आणि अंगावर मूठभर मांसही चढत होतं. त्या बढाईची लाज राखायला मी पुढे खरोखर हेच शिकले.

तर बाबा, त्या साली पॅसिफिक चांगलाच तापलेला होता! पण आफ्रिकेच्या बाजूला आपला हिंदी महासागरही तापला होता. त्यानेच बहुधा इकडे ढग धाडून आपल्याला तारलं. पाऊस एकटा कुठलाच समुद्र ठरवत नाही, हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं. मला तेव्हा पॅसिफिकचं खरं कळलं असतं, तर मी तुम्हाला हलकं टाकायला लावलं असतं.

दादा अजून ती गोष्ट गावभर सांगतो. मी दुरुस्त करत नाही, आणि हे पत्रही टेबलाच्या खणातच राहील. फक्त एक सांगते, मी "थंड" म्हटलं ते अगदीच उगीच नव्हे. विचारताना तुमचा हात भारीच्या पोत्यावर होता.