भिवा येईपर्यंत

प्रिय लवू,

फोन करायचा सोडून काकीला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर तुझ्यामागे वखारीतली करवत चालू असते, आणि मी काही मागितलं की पुरतं ऐकायच्या आधीच ‘हो काकी’ म्हणून मोकळा होतोस. या वेळी तसा होकार मला नको आहे. रे रोडहून घरी आलास की हातपाय धू, चहा घे आणि मग वाच.

आम्ही दोघं ठीक आहोत. लालबागच्या या ज्येष्ठ निवासात आता रुळलो. पाचव्या मजल्यावरची खोली, खिडकीसमोर टॉवर, आणि टॉवरच्या जागी यांना अजून मिलची चिमणी दिसते. मी वाद घालत नाही. जेवण बरं असतं, आमटीत गूळ मात्र फार. बुधवारी मासे देतात, तेही काटे काढून. जन्मभर बांगडे खाल्लेल्या माणसांना काट्याची भीती दाखवायची म्हणजे कमाल आहे. शेजारच्या कौसल्याबाई मला अजून ‘बाई’ म्हणतात, त्यांच्या मुलाला मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीला शिकवलं होतं म्हणून.

तुझ्या काकांचं शरीर दणकट आहे, विसरणं मात्र वाढलंय. सकाळचे पोहे दुपारी आठवत नाहीत. मला ओळखतात, कधी बायको म्हणून, कधी आई म्हणून. गेल्या दिवाळीत तू फराळ घेऊन दारात उभा राहिलास तेव्हाचं आठवतं ना? हे खुर्चीतून ताडकन उठले, तुझे दोन्ही खांदे धरले आणि तुझं तोंड न्याहाळत राहिले. तू हसून ‘काका, मी लवू’ म्हणालास. मग जे खाली बसले ते तू जाईपर्यंत तुझ्याकडे मान वर करून बघायला तयार नाहीत. तुला वाटलं असेल, म्हातारा चक्रम झाला. यांना कोण दिसलं ते मला तेव्हाच कळलं होतं, पण मी बोलले नाही.

आमच्याकडे अधूनमधून आगीचा सराव असतो. श्रेया नावाची मुलगी ते सगळं बघते, हुशार आहे आणि म्हाताऱ्यांशी लाडेलाडे बोलत नाही म्हणून मला आवडते. घंटा झाली की लिफ्ट बंद. चालता येणाऱ्यांनी कठडा धरून जिन्यानं उतरायचं, बाकीच्यांना पट्ट्यानं बांधून घसरत्या खुर्चीतून उतरवतात. एक नियम ती दर वेळी घोकून घेते, काहीही घ्यायला मागे फिरायचं नाही. चष्मा नाही, गोळ्या नाहीत, देवसुद्धा नाहीत. कौसल्याबाईंनी पहिल्याच सरावात कवळीसाठी खुर्ची मागे फिरवायला लावली आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. खाली अंगणात हुक लावलेली एक फळी आहे. उतरलेल्यानं आपला बिल्ला तिथे अडकवायचा, म्हणजे वर कोण राहिलं ते एका नजरेत कळतं. यांना ते फार पटलं. मिलच्या फाटकावरही अशीच फळी होती, फक्त उलट हिशेबाची. आत जाताना बिल्ला तिथे द्यायचा आणि सुटल्यावर परत घ्यायचा.

घोळ झाला तो जिन्यात. पाचव्यावरून हे एखाद्या तरण्यासारखे उतरायला लागले आणि तिसऱ्याच्या वळणावर थांबले. कठडा घट्ट धरला, तोंड वर केलं आणि म्हणाले, ‘भिवा येता हा.’ मागे रांग तुंबली. जिना अरुंद, त्यात कौसल्याबाईंची खुर्ची अधांतरी, आणि हे जागचे हलेनात.

लवू, तुझ्या वडिलांचं नाव मी या माणसाच्या तोंडून इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. मिलच्या कापूसखात्याला आग लागली तेव्हा तू रांगत होतास. त्या दिवशी पाळी सुटल्यावर फाटकावर एकच बिल्ला उरला, तो भिवाभावजींचा. पुढे यांनी मला मिलचं सगळं सांगितलं, संप सांगितला, टाळं लागलं ते सांगितलं, भावजींबद्दल मात्र चकार शब्द नाही. गणपतीत तुझ्या आईकडे मला पाठवायचे आणि स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे. तुझी आई दर वर्षी विचारायची, भावोजी वर का येत नाहीत? मी दर वर्षी काहीतरी थाप मारायची.

जिन्यातही मी थापच मारली. म्हटलं, भावजी कधीच पुढे गेले, खाली तुमची वाट बघतायत. हे लगेच उतरले. अंगणात जरा माणसं न्याहाळली, तेवढ्यात चहा आला आणि विसरले. पुढच्या एकदोन सरावांतही तेच चाललं. माझी युक्ती श्रेयालाही पसंत पडली, आणि खरं सांगते, मला त्या युक्तीचा थोडा गर्वच झाला होता.

मग गेल्या महिन्यात दुपारच्या वेळी खरंच धूर झाला. तळाशी मीटरच्या खोलीत वायरी जळल्या आणि जिना काळा झाला. तुला कळवलं नाही, कारण कुणाला काही झालं नाही. हे वळणावर थांबले, मी खोकत खोकत तीच थाप मारली, आणि हे उतरले. पण या वेळी चहा नव्हता. यांनी आपला बिल्ला अडकवला आणि फळीकडे बघत राहिले. म्हणाले, ‘भिवाचो बिल्लो खंय आसा?’ आणि वळून सरळ धुरात शिरायला निघाले. दोन वॉचमननी धरलं तरी आवरेनात. शेवटी पायरीवर बसले, माझा हात धरला आणि अगदी शुद्धीवरच्या माणसासारखं बोलले. ‘मी तेका सांगितलंय, मी जिन्यात रवतंय, तू डबे घेवन ये.’

मग तुटक तुटक सगळं सांगितलं. हे असं झालं होतं, लवू. दोघं मिलच्या जिन्यानं बरोबर उतरत होते. डबे वर राहिले होते. भावजी दोघांचे डबे आणायला मागे फिरले आणि हे वळणावर थांबणार होते. मग वरून धूर आला, माणसं आली, आणि त्या लोंढ्यानं यांना खाली नेलं. डब्यात काय असणार, भाकरी आणि सुकट. मला रडू आलं आणि रागही आला. एकदा बोलले असते माझ्याजवळ, तर अर्धं ओझं मी घेतलं असतं.

त्यानंतर माझी थाप चालेनाशी झाली. पोहे विसरणारा माणूस हे काही विसरला नाही. परवाच्या सरावात मी म्हटलं, भावजी पुढे गेले, तर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तू खोटा बोलतंस.’ कठड्यावरची बोटं सोडवायला चौघं लागले. श्रेयानं मला ऑफिसात बसवून सांगितलं, पुढच्या सरावातही काका थांबले तर त्यांना इथे ठेवता येणार नाही, मागच्या सगळ्यांचा जीव धोक्यात येतो. तळमजल्यावर खोल्या नाहीत. विसरणाऱ्या माणसांसाठी कर्जतला एक जागा आहे, तिथे पाठवावं लागेल, आणि तिथे बायकोला राहू देत नाहीत. ती पोर बरोबरच बोलते. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पण हे झोपेत दचकतात तेव्हा आधी हात चाचपतात, मी सापडले की पुन्हा झोपतात. तिथे कुणाचा हात सापडणार? हे तिथे टिकणार नाहीत, आणि यांच्यामागे माझंही काही खरं नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, तू जाणतोस. पण काल सकाळी लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं उतरत होते, तर तिसऱ्याच्या वळणावर माझेही पाय थांबले. वर कुणी नव्हतं. डब्याची कडी वाजल्यासारखं वाटलं. मी तशीच उभी राहिले, कठडा धरून, वर बघत. खाली उतरायचं म्हणजे कुणाला तरी टाकून जायचं, असं मला वाटत होतं. मग झाडूवाली आली आणि मी उतरले.

आता मागायचं ते मागते. पुढच्या शनिवारी सकाळी सराव आहे. तू हुबेहूब भावजींसारखा दिसतोस. तुझी आई म्हणायची, लवूनं मागून हाक मारली की माझ्या अंगावर काटा येतो. तू ये, आणि आमच्याही वरच्या मजल्यावर थांब. घंटा होईल, आम्ही उतरू, हे वळणावर थांबतील. तेव्हा तू वरून उतरत ये. दोन डबे मी भरून ठेवीन, श्रेयाची परवानगी घेतली आहे. एकदा भिवा आला की यांचं थांबणं संपेल असं मला वाटतं, चुकतही असेन. आणि हे सगळं वाचून तुला यांचा राग आला, तर येऊ नकोस. तो राग तुझ्या हक्काचा आहे, मी एका शब्दानं विचारणार नाही. पण आलास तर ‘मी लवू’ एवढं या वेळी म्हणू नकोस. इतको येळ खंय होतंस, असं हे नक्की विचारतील. तू म्हण, ‘डबे आणूक गेल्लंय. चल, जावया.’ आणि मग तू पुढे होऊ नकोस, यांनाही पुढे जाऊ देऊ नकोस. हात धर, आणि दोघं बरोबर उतरा.

वाट बघणारी, तुझीच
रमाकाकी